शेपटावरचा राखाडी पोपट

फास्टजेट ही आफ्रिकेतली स्वस्त विमान कंपनी; तिच्या विमानांच्या शेपटावर एक राखाडी पोपट असतो. आफ्रिकेतल्या घनदाट रानांत राहणारा हा पक्षी आपल्या हिरव्या राघूपेक्षा अंगाने थोराड, रंगाने साधा; पण माणसाच्या बोलण्याची नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा पक्षी क्वचितच सापडेल. कंपनीने हे चित्र आफ्रिकेची ओळख म्हणून निवडलं असावं. आपल्याकडच्या माणसाला मात्र ते पाहून दुसरंच काही आठवतं. रस्त्याच्या कडेला फडकं अंथरून बसलेला ज्योतिषी, समोर ओळीने मांडलेली पाकिटं, पिंजऱ्याचं दार उघडताच डुलत बाहेर येऊन त्यातलं एक चोचीने ओढणारा पोपट. पाकिटातल्या कागदावरून ज्योतिषी जे वाचतो ते बहुधा खोटं नसतं. दूरच्या प्रवासाचा योग आहे, कष्टाचं चीज होईल, थोडा धीर धरावा लागेल. इतकं सर्वसाधारण सत्य कुणाच्याही आयुष्याला लागू पडतं. प्रश्न एवढाच, की पैसे देऊन समोर उकिडवा बसलेल्या माणसाबद्दलचं ते सत्य आहे का.

२९ नोव्हेंबर २०१२ रोजी टांझानियात दार-एस-सलामहून म्वांझा आणि किलिमांजारो इथे फास्टजेटची पहिली विमानं गेली. एअरबस ए-३१९ जातीची, १५६ आसनांची. सर्वांत स्वस्त तिकीट, सरकारी कर सोडून, २० डॉलरचं, म्हणजे ३२,००० शिलिंगचं. म्वांझा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं गाव, मोठमोठ्या गोल शिळांनी भरलेलं. दारपासून रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त लांब. बसने जायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि वर रात्रीचाही तुकडा जातो. विमानाला दीड तास पुरतो. ज्याची आई म्वांझाला आहे आणि नोकरी दारला, त्याला ते दीड तास म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आजारपणाचा निरोप आला की वेळेवर पोचता येणं, ही गोष्ट त्या देशात तोवर पैसेवाल्यांपुरती होती. ती थोडी खाली उतरली. फास्टजेटचं जे काही पुढे झालं ते सांगताना हा पहिला दिवस पुसून टाकता कामा नये.

हे विमान टांझानियात उडत होतं, पण त्याचा शेअर लंडनमध्ये विकला जात होता. लंडन शेअर बाजाराने १९९५ मध्ये लहान आणि होतकरू कंपन्यांसाठी 'एम' नावाचा धाकटा बाजार काढला. तिथे नोंद होण्यासाठी नफ्याचा पूर्वेतिहास दाखवावा लागत नाही. रुबिकॉन डायव्हर्सिफाइड इन्व्हेस्टमेंट्स नावाची एक कंपनी त्या बाजारात होती. तिने २०१२ मध्ये लोन्रो समूहाचा विमानव्यवसाय घेतला. लोन्रो या नावातच लंडन आणि ऱ्होडेशिया दडलेले आहेत, इतकं ते घराणं जुनं. त्या व्यवहारातून फ्लाय-५४० या नावाने केनिया, घाना, अंगोला आणि टांझानियात चाललेला पसारा हाती आला. त्याला जोड मिळाली ती ईझीजेटचे संस्थापक स्टेलिओस हाजी-इओआनू यांच्या समूहाची. पोपटाची कंपनी अशी तयार झाली, आणि ब्रिटनमधल्या असंख्य लहान गुंतवणूकदारांना एक गोष्ट मिळाली. आफ्रिकेची ईझीजेट.

लंडनच्या बाजारातल्या कंपन्यांची निवेदनं सकाळी सात वाजता प्रसिद्ध होतात, आणि बाजार आठला उघडतो. मधला तो एक तास लहान गुंतवणूकदाराचा सर्वांत जिवंत तास. चहा निवत असतो, बाहेर हिवाळ्यात अजून अंधार असतो, आणि पडद्यावर दार-एस-सलामहून आलेले आकडे असतात. या महिन्यात किती प्रवासी गेले, आसनं शेकडा किती भरली, विमानं किती वेळेवर सुटली. तिथे त्या वेळी दहा वाजलेले असतात आणि ऊन धावपट्टीवर चढलेलं असतं. ज्या शहरात कधी पाऊल टाकलं नाही, टाकायचा विचारही नाही, तिथल्या विमानात किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या याची इतकी आस्थेने चौकशी करणारा माणूस मला हास्यास्पद वाटत नाही. उलट त्या आस्थेतलं काहीतरी खरं होतं असं वाटतं. नफ्याची ओढ होतीच, पण तिच्या जोडीला एका खंडाची वाढ आपण पाहतो आहोत, तिच्यात आपला चिमूटभर हात आहे, ही भावनाही होती. निव्वळ आकड्यांवर खेळणाऱ्याला विमानाच्या शेपटावर काय रंगवलं आहे ते ठाऊक नसतं. या लोकांना पोपट ठाऊक होता.

आणि नेमकं इथेच माझं म्हणणं सुरू होतं. या गुंतवणूकदारांना कुणीतरी खोटी गोष्ट सांगितली आणि ते फसले, असं म्हणणं सोपं आहे. पण ती गोष्ट खोटी नव्हती, ती खरी होती. आफ्रिकेत लोक वाढताहेत, शहरं वाढताहेत, अंतरं अफाट आहेत, रस्ते दमवणारे आणि रेल्वे तुरळक. विमानप्रवास मात्र लोकसंख्येच्या मानाने नगण्य. या दुष्काळाचं एक मोठं कारण निसर्गात नाही, कागदात आहे. एका आफ्रिकी देशातून शेजारच्या आफ्रिकी देशात विमान न्यायचं तर दोन सरकारांमधला करार लागतो, आणि प्रत्येक सरकार आपल्या राष्ट्रीय विमान कंपनीला जपतं. हे अडसर काढण्याचं आश्वासन आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रो इथे दिलं होतं. आश्वासन होतं, गरज होती, स्वस्त विमानसेवेचा नमुना युरोपात सिद्ध झालेला होता. या तिन्ही गोष्टी कुणीही तपासून पाहाव्यात, तिन्ही खऱ्या. पण खऱ्या गरजेचा शेअर निघत नाही. शेअर निघतो तो त्या गरजेतून उद्या जो पैसा उरेल त्यातल्या हिश्श्याचा, आणि उरणं ही गरजेहून अगदी निराळी गोष्ट आहे. तहान किती लागली आहे यावरून पाणी विकणाऱ्याच्या हाती संध्याकाळी काय राहील ते कळत नाही. विहीर किती खोल, दोर कुणाचा, वाटेत जकात किती, हे सगळं त्यात येतं.

फास्टजेटच्या बाबतीत वाटेतल्या जकाती पाहिल्या की हे ध्यानात येतं. प्रवासी तिकिटाचे पैसे शिलिंगमध्ये देत होता, पण विमानाचं भाडं, सुटे भाग आणि विमा यांचा हिशेब डॉलरमध्ये होता, आणि इंधनाची किंमतही डॉलरनेच ठरत होती. २०१२ मध्ये ३२,००० शिलिंगचे २० डॉलर होत होते. २०१५ संपता संपता तेवढ्याच शिलिंगचे पंधराच्या आसपास. प्रवासी वाढले, विमानं भरली, तरी प्रत्येक खुर्चीतून येणारा पैसा पुन्हा डॉलरमध्ये मोजताना आटत गेला. शिवाय टांझानियातली विमान कंपनी बहुमताने तिथल्याच नागरिकांच्या मालकीची असावी लागते, म्हणून लंडनच्या कंपनीकडे तिचा अर्ध्याहून कमी हिस्सा. परवानग्यांचं तर विचारूच नये. दारहून जोहान्सबर्गला जाणारी सेवा २०१३ मध्ये परवानगीपायी काही आठवडे लांबली. दार आणि नैरोबी या शेजारणी, मध्ये जेमतेम सव्वा तासाचं उड्डाण. पण तिथे पोचायला कंपनीला जानेवारी २०१६ उजाडलं. केनियातला फ्लाय-५४०चा भाग वादात अडकला. घाना आणि अंगोलातली सेवा २०१४ मध्ये थांबली. दक्षिण आफ्रिकेतली बंद पडलेली वन-टाइम ही कंपनी विकत घेण्याचा घाट घातला गेला, तोही फसला. झिंबाब्वेत ऑक्टोबर २०१५ पासून विमानं उडू लागली, ती चाललीही. पण तिथे डॉलरचा दुष्काळ पडला, २०१६ च्या अखेरीस सरकारने डॉलरच्या जागी चालवायच्या बाँड नोटा काढल्या, आणि हरारेच्या बँकेत जमलेला तिकिटांचा पैसा देशाबाहेर काढणं मुश्कील होऊन बसलं. त्यातली कुठलीही एक अडचण घातक नव्हती. पण प्रत्येक अडचण त्याच शेवटच्या थेंबातून आपला वाटा घेत होती ज्या थेंबावर भागधारकाने डोळा ठेवला होता. प्रवासी, सरकार, इंधनवाला, विमान भाड्याने देणारा, विमानतळ, या सगळ्यांचे पैसे आधी. भागधारक पंगतीत शेवटचा. तो येईपर्यंत भांड्यात काही उरत नव्हतं, म्हणून पंगत चालू ठेवायला त्यालाच पुन्हा शिधा आणायला सांगितलं जाई.

हा शिधा नव्या शेअरच्या रूपाने येत होता. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने ५ कोटी पौंड उभे केले. दर, जुन्या मापाने, एका शेअरला एक पेनी. हिशेब सोपा आहे: तेवढ्यासाठी त्या मापाने ५०० कोटी नवे शेअर लागतात. मग शंभर जुन्या शेअरचा एक नवा शेअर करण्यात आला आणि भाव एक पेनीचा शंभर पेन्स दिसू लागला. साडेतीन वर्षांनी, २०१८ च्या अखेरीस, पुन्हा पैसे लागले. तेव्हा नव्या शेअरचा दर होता एक पेनी. पेनी तीच होती, पण मधल्या काळात शंभराचा एक झाला होता. ज्याने २०१५ मध्ये शंभर पौंड घातले होते त्याच्याकडे आता कागदावर एक पौंड होता, आणि कंपनीतला त्याचा हिस्सा तर त्याच्याही पलीकडे पातळ झाला होता. ताकात पाणी घालत गेलं की भांडं भरलेलं दिसतं. लोणी किती होतं ते शेवटी कुणाच्या लक्षातही राहत नाही. दर वेळी कंपनी बुडायची वाचली ही बातमी खरी होती आणि आनंदाचीही. फक्त प्रत्येक वेळी वाचवण्याची किंमत आधीच्या भागधारकाच्या हिश्श्यातून वळती होत होती.

या घसरणीत लहान माणूस विकून मोकळा का होत नाही, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आत असलेल्याला पडत नाही. भाव पडला की तो आणखी घेऊन 'अ‍ॅव्हरेज' करतो, म्हणजे स्वतःची सरासरी खरेदी खाली आणतो. हे वागणं वरवर मूर्खपणाचं दिसतं, पण त्यामागे तीच खरी गोष्ट उभी असते. शिलिंग घसरला म्हणून म्वांझाची गरज संपली का? नाही. नैरोबीची परवानगी आज नाही, उद्या तरी मिळेल ना? मिळाली. गोष्टीतला एकेक धागा खरा ठरत जातो आणि भाव मात्र उतरत जातो, तेव्हा माणसाला वाटतं की चुकतोय तो बाजार. त्यात पेनीचा शेअर डोळ्यांना स्वस्त वाटतो. 'जाऊन जाऊन जाणार किती' हे वाक्य मुंबईच्या बाजारातही रोज ऐकू येतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. त्यानंतरही कित्येक वर्षं तिचा शेअर घेणारे लोक होते, कारण कंपनी पुन्हा उभी राहण्याची आशा कागदोपत्री जिवंत होती. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. जाऊन जाऊन किती जाऊ शकतं याचं उत्तर शेअर शंभराचा असो की एकाचा, सारखंच असतं: घातलं तेवढं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही सट्टेबाजांची कथा आहे, आणि सट्टेबाजासाठी एवढं हळहळायचं कारण नाही. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, अशा हिशेबाने आलेल्यांनी तक्रार करू नये. मला हा आक्षेप पुरता पटत नाही. एक तर हे लोक चोरवाटेने आले नव्हते. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये 'एम' बाजारातले शेअर करमुक्त बचत खात्यांत ठेवायला मुभा दिली आणि एप्रिल २०१४ पासून त्यांच्या खरेदीवरचा मुद्रांक कर काढून टाकला. म्हणजे घरगुती बचतीला या बाजारात येण्याचं जवळजवळ निमंत्रणच दिलं. आणि दुसरं, सट्टा आणि विश्वास यांच्यातली रेघ इतकी सरळ नसते. मुंबईला हे दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर चालू लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात बॅक बेची खाडी बुजवून जमीन काढण्याची कंपनी निघाली. पाच हजारांचा तिचा शेअर पन्नास हजारांवर गेला. १८६५ च्या वसंतात यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा शहरातली मोठमोठी घराणी उघडी पडली. त्या शेअरांची रद्दी झाली. पण बॅक बेची गोष्ट खोटी होती का? शहराला जमीन हवी होती, समुद्र हटवता येणार होता. पुढे तो हटवलाही गेला. मरीन ड्राइव्ह तिथेच आहे, नरिमन पॉइंट तिथेच आहे, आणि त्या जमिनीचा भाव १८६४ च्या कुठल्याही वेड्या स्वप्नाच्या पलीकडे गेला. ज्यांनी सर्वांत आधी ते स्वप्न पाहिलं आणि त्यावर घरदार लावलं त्यांच्या नावावर मात्र त्यातली मूठभर मातीही नाही. त्यांना सट्टेबाज म्हणून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. ते भविष्याबद्दल बरोबर होते आणि आपल्याबद्दल चूक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक स्वस्त विमान कंपनीवर सुरुवातीला लोक हसले. ईझीजेटने १९९५ मध्ये लूटनहून स्कॉटलंडला २९ पौंडांत लोकांना न्यायला सुरुवात केली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं विमानसुद्धा नव्हतं. एअर एशिया २००१ मध्ये एका रिंगिटला विकली गेली होती, तीही कर्जासकट. भारतात इंडिगो आज कुठे आहे ते आपण पाहतोच. ज्यांनी धीर धरला ते तरले, मग फास्टजेटवाल्यांनी धीर धरला यात काय चुकलं? चुकलं ते कंपनीच्या वयात. ईझीजेट २००० मध्ये बाजारात आली, पाच वर्षं उडून. रायनएअर १९९७ मध्ये आली ती नफा कमावू लागल्यावर. इंडिगोचं पहिलं विमान २००६ चं, आणि तिचे शेअर सामान्य माणसाला मिळाले २०१५ मध्ये, कंपनी वर्षानुवर्षं नफ्यात असताना. बालपणीचे आजार, पहिल्या चुका, रिकाम्या खुर्च्या हे सगळं संस्थापकांनी आणि मोठ्या पैसेवाल्यांनी घरात सोसलं. बाहेर आलं ते चालतं-बोलतं पोर. फास्टजेट मात्र पहिलं विमान उडायच्या आधीपासून बाजारात होती. तिचं प्रत्येक दुखणं लहान भागधारकांच्या उशाशी झालं, आणि औषधाचा खर्चही त्यांच्याकडूनच. या नियमाला अपवाद आहे आणि तो लपवायचं कारण नाही: अमेरिकेच्या साउथवेस्टने जून १९७१ मध्ये शेअर विकले आणि त्याच महिन्यात विमानं उडवली, सुरुवातीला तोटाही सोसला, आणि तरी ती या साऱ्या जातीची मूळ आजी ठरली. पण साउथवेस्ट उडत होती डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीनच शहरांत. तिन्ही एकाच टेक्सास राज्यात. एक चलन, एक कायदा, आणि राज्याबाहेर जायचं नाही म्हणून केंद्राच्या दरनियंत्रणातूनही सुटका. फास्टजेटची कल्पना पहिल्या दिवसापासून अनेक देशांची, म्हणजे अनेक चलनांची, अनेक मंत्रालयांची होती. तिचं आकर्षण ज्यात होतं, त्यातच तिचा खर्चही होता.

तिसरं म्हणणं असं, की दोष चालवणाऱ्यांचा. कंपनीचे मुख्य अधिकारी एड विंटर यांच्या कारकिर्दीत मोठी विमानं फार लवकर आली, खर्च गॅटविकच्या मुख्यालयात होत राहिला, स्टेलिओस आणि संचालक मंडळ यांच्यात २०१६ च्या सुरुवातीला उघड भांडण झालं आणि विंटर गेले. त्याच वर्षी त्यांच्या जागी निको बेझुइडेनहाउट आले. त्यांनी मुख्यालय जोहान्सबर्गला हलवलं, १५६ आसनांच्या एअरबसऐवजी लहान एम्ब्राएर विमानं आणली, विमानं पुरवणाऱ्या सोलेंटाला २०१७ च्या सुरुवातीला २८ टक्के हिस्सा दिला. निर्णय शहाणपणाचे होते, आणि तरीही लंडनच्या भागधारकाच्या पदरात काही पडलं नाही. चालवणारे बदलले, विमानं बदलली, गाव बदललं; पंगतीतली जागा बदलली नाही. यावरून कुणी आफ्रिकेलाच नालायक ठरवू पाहील तर तेही चूक. इथिओपियन एअरलाइन्स १९४६ पासून उडते आहे आणि जगातल्या चांगल्या चालणाऱ्या विमान कंपन्यांत मोडते. ती पूर्णपणे सरकारी मालकीची आहे, तिचा शेअर बाजारात मिळत नाही, एवढंच. आणि दूरच्या लंडनकरांनाच ही ओढ होती असंही नाही. केनिया एअरवेजचे शेअर १९९६ मध्ये विक्रीला निघाले तेव्हा सामान्य केनियन माणसांनी ते घेतले. जुलै २०२० मध्ये नैरोबीच्या बाजारात त्यांचे व्यवहार गोठवले गेले ते जानेवारी २०२५ मध्ये सुटले. साडेचार वर्षं तो भागधारक विकूही शकत नव्हता. आपल्या देशाच्या झेंड्याचं विमान डोक्यावरून जाताना पाहत, त्यातला आपला तुकडा हातात धरून बसणं कसं असेल, याची कल्पना करून पाहावी.

राहता राहिलं एक समाधान, आणि ते आक्षेपाहून नाजूक आहे. पैसा वाया तर गेला नाही ना? तो पाण्यात पडला नाही, आकाशात गेला. तिकीट २० डॉलरला विकलं आणि खुर्चीचा खर्च त्याहून जास्त पडला, तर मधली रक्कम भागधारकाने भरली. म्हणजे एका अर्थी कुणा ब्रिटिश शिक्षकाने, निवृत्त कारकुनाने, म्वांझाच्या एखाद्या बाईचं अर्धं तिकीट काढलं. कंपनी सांगत असे की तिच्या प्रवाशांतला मोठा भाग आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत होता. मला हा विचार मनापासून आवडतो. आणि म्हणूनच तो गुंतवणूकदाराच्या तोंडावर फेकावासा वाटत नाही. दान देणाऱ्याने दान म्हणून द्यावं. नकळत दिलेल्या दानाबद्दल त्याला पुण्यवान म्हणणं म्हणजे त्याच्या नुकसानीवरून डोळे फिरवणं. त्या पैशात कुणाच्या म्हातारपणाची बेगमी होती. ती म्वांझाच्या बाईला नको होती आणि तिने मागितलीही नव्हती. दोघांनी एकमेकांचं भलं केलं असतं तर किती बरं झालं असतं, आणि तशी व्यवस्था बसवणं अशक्य नव्हतं: आधी एक देश, एक चलन, काही वर्षं घरचा पैसा, मग बाजार. ते घडलं नाही याची चुटपुट मला लागून राहते.

टांझानियातला भाग २०१८ च्या अखेरीस स्थानिक मालकांच्या हाती गेला आणि थोड्याच दिवसांत त्याची विमानं थांबली. तोवर राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांच्या सरकारने एअर टांझानियासाठी नवी विमानं घेतली होती. म्वांझाच्या रस्त्यावर पुन्हा सरकारी पंख आले. मोझांबिकमधली सेवा २०१७ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये बंद झाली. ऑगस्ट २०२० मध्ये फास्टजेट 'एम' बाजारातून बाहेर पडली. शेअर नाहीसे झाले नाहीत. ते विकण्याची जागा नाहीशी झाली. अशा शेअरची ओळ दलालाच्या खात्यात बरेचदा तशीच राहते, कंपनीचं नाव, संख्या, आणि भावाच्या रकान्यात मोकळी जागा. झिंबाब्वेत मात्र फास्टजेट उडते आहे. हरारेहून व्हिक्टोरिया फॉल्सला जाणारं लहानसं विमान उतरणीला लागलं की खिडकीतून आधी झांबेझीचं रुंद पात्र दिसतं, मग रानातून वर उठणारे तुषारांचे ढग. शेपटावरचा राखाडी पोपट त्या ढगांकडे तोंड करून खाली येतो. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी आपल्या खात्यातली ती ओळ पाहतो, पुसून टाकावी की राहू द्यावी असा विचार करतो, आणि राहू देतो.